वापरलेली आलिशान एसयूव्ही घेताना: बिघाड कुठे होतात आणि दुरुस्तीचा खर्च कसा काढावा

आलिशान एसयूव्हीची किंमत पहिल्या सात-आठ वर्षांत झपाट्याने उतरते. तिच्या सुट्या भागांची आणि तिच्यावर काम करू शकणाऱ्या कुशल मेकॅनिकची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. मूळ किमतीच्या एखाद्या हिश्श्यात मिळालेल्या गाडीचा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग), गिअरबॉक्स किंवा हेडलाइट बदलायची वेळ आली, की तो भाग मूळ महागड्या गाडीच्याच भावाने घ्यावा लागतो. शिवाय या गाड्यांच्या बोनेटखाली मोठे इंजिन आणि असंख्य जोडणी इतकी दाटीने बसवलेली असते, की दुरुस्तीचे बिल फुगते ते बिघडलेल्या भागामुळे कमी आणि त्या भागापर्यंत हात पोहोचावा म्हणून जे सारे सोडवावे लागते त्यामुळे जास्त. नवख्या खरेदीदाराने ही एक बाब ध्यानात ठेवली, तर कोणता बिघाड परवडण्यासारखा आहे आणि कोणत्या गाडीला लांबूनच नमस्कार करावा, याचा निर्णय बराच सोपा होतो.

पहिली पायरी: मॉडेलच्या आधी इंजिन ठरवावे

एकाच नावाच्या एसयूव्हीमध्ये तीन-चार वेगवेगळी इंजिने मिळत असतात आणि त्यांची टिकाऊपणाची कीर्ती एकमेकांपासून फार निराळी असते. म्हणून "अमुक कंपनीची गाडी कशी आहे?" हा प्रश्न अर्धवट ठरतो, कोणत्या वर्षीची आणि कोणत्या इंजिनाची, हे आधी कळायला हवे. प्रत्येक इंजिनाला कंपनीचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि बिघाडांची चर्चा मेकॅनिक मंडळी त्या क्रमांकानेच करतात.

उदाहरणादाखल मर्सिडीझच्या एमएल आणि जीएल गाड्यांमधील ओएम ६४२ हे तीन लिटरचे व्ही-सहा, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात दोन रांगांत सहा सिलिंडर असलेले, डिझेल इंजिन घेऊ. इंजिन एकंदरीत दणकट आहे. परंतु त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) यांच्या खाली बसवलेला आहे. सततच्या उष्णतेने कूलरची रबरी सील कडक होतात आणि तेल गळू लागते. ही सील किरकोळ किमतीची असतात. पण ती बदलण्यासाठी वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो आणि कामाला पूर्ण दिवस किंवा त्याहून अधिक वेळ जातो. गळलेले तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरत असल्याने क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील गेले, असे चुकीचे निदान होऊन गिअरबॉक्स विनाकारण उतरवला जाण्याचा धोकाही असतो. असा ओघळ दिसला, तर आधी आरसा आणि टॉर्च घेऊन वरची खोबणी पाहायला सांगावे.

पोर्शच्या पहिल्या पिढीतील केयेनच्या व्ही-आठ इंजिनाची गोष्ट याच धाटणीची आहे. २००२ पासून आलेल्या या गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, वाहून नेणारे प्लास्टिकचे पाइप इनटेक मॅनिफोल्डखालून जातात आणि वर्षानुवर्षे तापून ठिसूळ होतात. पाइप फुटला की कूलंट एकाएकी निघून जाते आणि चालकाने वेळीच इंजिन बंद केले नाही, तर पुढचे नुकसान पाइपच्या कितीतरी पट होते. पुढे या पाइपांच्या जागी ॲल्युमिनियमचे पाइप उपलब्ध झाले. ते बसवल्याचे बिल विक्रेत्याकडे असेल, तर त्या कागदाला किलोमीटरच्या आकड्याहून जास्त किंमत द्यावी.

बीएमडब्ल्यूच्या बाबतीत दोन गोष्टी माहीत असाव्यात. एन ४७ आणि एन ५७ या डिझेल इंजिनांची टायमिंग चेन, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांची गती जुळवणारी साखळी, समोर नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. एन ४७ च्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत चेन झिजण्याच्या तक्रारी पुष्कळ आल्या आणि चेन मागे असल्यामुळे ती बदलताना बहुधा इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरे इंजिन म्हणजे २००८ मध्ये आलेले एन ६३ हे व्ही-आठ पेट्रोल. यात दोन्ही टर्बो सिलिंडरच्या रांगांच्या मधोमध बसवले आहेत. परिणामी तेथे इतकी उष्णता साठते की व्हॉल्व्हची सील, होसपाइप आणि वायरिंग लवकर कडक होतात आणि इंजिन तेल पिऊ लागते. कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत या इंजिनासाठी खास दुरुस्ती योजनाच जाहीर केली होती. यातील कामे झाल्याचा पुरावा नसेल, तर एन ६३ ची सुरुवातीच्या वर्षांतली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लँड रोव्हर आणि रेंज रोव्हरमधील २.७ आणि ३.० लिटरच्या व्ही-सहा डिझेल इंजिनांत क्रँकशाफ्टला आधार देणारे बेअरिंग जागेवरून फिरून क्रँकशाफ्ट तुटण्याचे प्रकार सर्वश्रुत आहेत. हा बिघाड पुरेशी सूचना देत नाही आणि झाला की इंजिनच बदलावे लागते. पाच लिटरच्या व्ही-आठ पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर आणि तिला वाट देणारे गाइड झिजतात, तर सुपरचार्जर (इंजिनाच्याच गतीने चालणारा हवेचा पंप) असलेल्या इंजिनांत प्लास्टिकचे कूलंट पाइप चिरतात. डिस्कव्हरी ३ आणि ४ या गाड्यांत टर्बोसारख्या कामासाठी अनेक वर्कशॉप संपूर्ण बॉडी शासीवरून वर उचलून घेतात, कारण एरवी हाताला जागाच मिळत नाही. बॉडी उचललेली गाडी एकदा पाहिली, की मजुरीचे तास कुठे जातात हे वेगळे सांगावे लागत नाही.

याउलट लेक्ससच्या जीएक्स ४७० आणि एलएक्स ४७० मधील टू-यूझेड हे ४.७ लिटरचे व्ही-आठ इंजिन फारसे कुरबुर न करता लाखो किलोमीटर चालते. सुमारे दीड लाख किलोमीटरला टायमिंग बेल्ट आणि त्यासोबत वॉटर पंप बदलला, की त्याची मोठी मागणी संपते. पेट्रोल मात्र ते सढळ हाताने पिते. अशा गाड्यांचा बाजारभाव याच कारणाने टिकून असतो, त्यामुळे खरेदीच्या वेळी त्या महाग वाटतात. तीन वर्षांच्या एकूण खर्चाचा हिशेब मांडला, तर ही महागाई पुष्कळदा वरवरचीच ठरते.

दुसरी पायरी: कागद

सर्व्हिस बुकावर शिक्के आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्यक्ष बिले मागावीत, कारण शिक्क्यातून काय बदलले हे कळत नाही. १७ अक्षरी चॅसिस क्रमांक कंपनीच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या रिकॉल (सदोष भाग दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणे) शोधात टाकून कोणते काम बाकी आहे ते पाहावे. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचे रिकॉल एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅगांना लागू झाले आणि त्यात अनेक आलिशान गाड्याही होत्या. रिकॉलचे काम विनामूल्य होते. ते राहून गेले असेल, तर आधीच्या मालकाने गाडीकडे किती लक्ष दिले याचाही अंदाज येतो.

तिसरी पायरी: थंड इंजिन स्वतः सुरू करावे

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सकाळपासून सुरू केलेली नसावी. पोहोचल्यावर प्रथम बोनेटवर आणि मग रेडिएटरच्या वरच्या होसवर हात ठेवून पाहावा. ते कोमट असेल, तर विनम्रपणे दुसरा दिवस मागून घ्यावा. झिजलेली चेन थंड इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत खडखडते आणि तेलाचा दाब चढला की गप्प होते. गरम इंजिनावर हा पुरावा मिळत नाही.

इंजिन सुरू करण्याआधी कूलंटची पातळी, त्याचा रंग आणि जोडांभोवती वाळलेला पांढरट किंवा गुलाबी थर पाहावा. मग सुरू करून दहा मिनिटे संथपणे चालू द्यावे आणि त्यानंतर कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून स्वतः मागे उभे राहावे. याच क्षणी निळसर धुराचा मोठा लोट आला, तर व्हॉल्व्हची सील गेल्याची दाट शंका घ्यावी. डिझेल गाडी असेल, तर डिपस्टिकवर तेल कमी आहे का एवढेच न पाहता ते खुणेच्या वर तर गेलेले नाही ना, हेही पाहावे. जवळच्या फेऱ्यांसाठीच वापरलेल्या डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, स्वतःला साफ करण्यासाठी जास्तीचे डिझेल वापरतो आणि त्यातले काही तेलात मिसळते. पातळ झालेले असे तेल टर्बो आणि बेअरिंग दोन्हींच्या मुळावर येते. फिल्टरमधील काजळी लांब पल्ल्याच्या प्रवासाने जळते. राख मात्र जळत नाही, आणि राखेने भरलेला फिल्टर काढून साफ करणे किंवा बदलणे भाग पडते.

चौथी पायरी: एअर सस्पेन्शन

या वर्गातील गाड्यांचा सर्वांत नेमाने येणारा खर्च हाच असल्याने येथे घाई करू नये. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबरी फुगे, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक आणि प्रत्येक चाकाची उंची मोजणारे सेन्सर, अशी ही रचना असते. रबराच्या घडीवर बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू झिरपू लागते. गाडी चालू असताना ते जाणवत नाही, कारण कॉम्प्रेसर गेलेली हवा भरून काढत असतो. अधूनमधून काही क्षण चालण्यासाठी घडवलेला हा कॉम्प्रेसर मग वारंवार चालून तापतो, त्यातील ओलावा शोषणारी पूड निकामी होते, दमट हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते आणि एका फुग्याचा बिघाड तीन भागांचा होऊन बसतो.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि चारही आकडे लिहून ठेवावेत. शक्य असेल, तर रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा मोजावे. चारही कोपरे थोडे सारखेच खाली बसले असतील, तर ते बऱ्याच गाड्यांत स्वाभाविक असते; एकच कोपरा बोटभर खाली गेला असेल, तर त्या कोपऱ्यात गळती आहे असे समजावे. त्यानंतर गाडी सर्वांत उंच पातळीवर न्यावी. ती रखडत उठत असेल, कॉम्प्रेसर घरघरत बराच वेळ चालत असेल किंवा एक बाजू मागे राहत असेल, तर ते लक्षण लिहून ठेवावे. याच उंचीवर फुग्याची घडी उलगडलेली असते, तेव्हा तिच्यावर साबणाचे पाणी फवारले की चिरांतून बुडबुडे येताना डोळ्यांनी दिसतात. मात्र एअर सस्पेन्शनच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लिफ्ट किंवा भक्कम स्टँड हवाच.

खर्चाच्या दृष्टीने येथे क्रम महत्त्वाचा ठरतो. फुगा गळका ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो, म्हणून आधी गळती आणि मग कॉम्प्रेसर. एका बाजूचा फुगा गेला असेल, तर त्याच अक्षावरचा दुसराही त्याच वयाचा असतो, जोडीने बदलावा. कंपनीखेरीज इतरांनी बनवलेले फुगे आणि दुरुस्त केलेले कॉम्प्रेसर बरेच स्वस्त पडतात आणि नामांकित उत्पादकाचे असतील, तर ते घ्यायला हरकत नाही. सगळी व्यवस्था काढून साध्या स्टीलच्या स्प्रिंग बसवण्याचा पर्यायही मिळतो. त्याने खर्च एकदाचा मिटतो, पण गाडीची उंची बदलण्याची आणि ओझ्यानुसार समतोल राखण्याची सोय जाते. ज्या गाडीत आधीच असा बदल केलेला असेल, तिची किंमत त्या मानाने कमीच असायला हवी.

पाचवी पायरी: चालवून पाहणे

किमान अर्धा तास चालवावे, कारण गिअरबॉक्सचे दोष थंडपणी आणि पूर्ण तापल्यावर वेगवेगळे दिसतात. रिव्हर्स टाकल्यावर विलंब होणे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्का बसणे, एकसारख्या वेगात असताना इंजिनाचे फेरे वरखाली होणे, ही लक्षणे टिपावीत. अनेक कंपन्या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे असल्याचे सांगतात. तथापि बीएमडब्ल्यू, रेंज रोव्हर, ऑडी अशा कित्येक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. आयुष्य कोणाचे, गाडीचे की वॉरंटीचे, हा प्रश्न येथे विचारण्यासारखा आहे.

मग मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी संथ गतीने इंग्रजी आठच्या आकारात फिरवावे. गाडी अडखळली, खालून ठोके आले किंवा चाके घसटल्यासारखी वाटली, तर चारही चाकांना शक्ती वाटणारा ट्रान्स्फर केस संशयित ठरतो. त्याआधी टायर पाहावेत. चार टायर निरनिराळ्या झिजेचे असतील, तर त्यांचे घेर वेगळे पडतात आणि ट्रान्स्फर केसमधील क्लचला सतत सरकत राहावे लागते. त्यामुळे या गाड्यांत एक टायर खराब झाला तरी पुष्कळदा चारही बदलावे लागतात, आणि मोठ्या चाकांचे चार टायर हा खर्च नवखे खरेदीदार हमखास विसरतात.

सहावी पायरी: पाणी, बॅटरी आणि स्कॅन

पॅनोरमिक सनरूफच्या चार कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली उतरतात. त्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून गालिच्याखाली जाते, जेथे वायरिंगचे जोड आणि नियंत्रण करणारी मॉड्यूल बसवलेली असतात. २००६ ते २०१३ या काळातील बीएमडब्ल्यू एक्स ५ मध्ये तर बॅटरीच डिकीच्या फरशीखाली आहे. गालिच्यावर तळहात दाबून ओल पाहावी, फरशी उचलून गंज शोधावा. कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. एकाच वेळी असंबद्ध दहा दिवे लागत असतील, तर कारण पाणी तरी असते नाहीतर अशक्त बॅटरी. बॅटरी असेल, तर प्रकरण थोडक्यात आटोपते; मात्र काही गाड्यांत नवी बॅटरी संगणकात नोंदवावी लागते.

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणारे उपकरण, प्रामुख्याने इंजिन आणि प्रदूषणाशी संबंधित दोष वाचतो. सस्पेन्शन, ट्रान्स्फर केस, एअरबॅग यांच्यासाठी त्या कंपनीचे किंवा त्या दर्जाचे सॉफ्टवेअर लागते, म्हणून खरेदीपूर्व तपासणी त्याच कंपनीच्या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये करावी. दोष आदल्या दिवशी पुसून टाकले आहेत का, हे गाडीच्या संगणकाने केलेल्या स्वतःच्या तपासणीच्या अपूर्ण नोंदींवरून ओळखता येते. किलोमीटरचा आकडाही बऱ्याच गाड्यांत एकाहून अधिक मॉड्यूलमध्ये साठवलेला असतो. तो डॅशबोर्डशी जुळतो का ते ताडून घ्यावे.

सातवी पायरी: खर्चाचा आकडा काढणे

तपासणीनंतर हाती आलेल्या प्रत्येक दोषासाठी दोन वर्कशॉपांकडून लेखी अंदाज घ्यावा आणि त्यात भागाची किंमत, मजुरीचे तास, तासाचा दर आणि किरकोळ सामान, म्हणजे तेल, कूलंट, गॅसकेट आणि एकदाच वापरायचे बोल्ट, असे चार रकाने वेगळे मागावेत. एकरकमी आकडा सांगणाऱ्याकडून काहीच कळत नाही. रकाने वेगळे झाले, की कुठे बचत शक्य आहे हे लगेच दिसते. भागाचा आकडा मोठा आणि तास कमी असतील, तर मूळ पुरवठादाराचा, पण कंपनीच्या खोक्यात नसलेला भाग घेऊन खर्च बराच खाली येतो. तास जास्त आणि भाग किरकोळ असेल, तर स्वस्त भाग वापरणे ही शुद्ध फसवणूक आहे, कारण तो पुन्हा गेला की तीच मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. जुन्या गाडीतून काढलेले यांत्रिक भाग चालतात; इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मात्र अनेकदा मूळ गाडीच्या क्रमांकाशी बांधलेली असल्याने जुनी घेण्याआधी विचारून घ्यावे.

तोच पसारा उघडला असता आणखी काय उरकून घेता येईल, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या कामाआधी विचारावा. मॅनिफोल्ड उतरलेच असेल, तर त्याखालचे होस आणि गॅसकेट बदलायला फक्त सामानाचे पैसे लागतात. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठीच मॅनिफोल्ड पुन्हा उतरवले, तर सगळी मजुरी नव्याने.

या सर्वांची बेरीज तीन वाट्यांत मांडावी. टायर, ब्रेक, तेले आणि बॅटरी ही देय कामे पहिल्या वाट्यात. ती किमतीतून निर्विवाद वजा करून मागावीत. फुगे, गळती, वॉटर पंप असे वयानुसार संभवणारे बिघाड दुसऱ्यात; यासाठी पहिल्या वर्षाकरिता खरेदी किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला असावी, असा माझा अंदाज आहे, आणि गाडी जितकी स्वस्त मिळेल तितकी ही टक्केवारी वाढवावी. इंजिन आणि गिअरबॉक्स तिसऱ्या वाट्यात. त्यांची बदली बहुधा जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास जाते, म्हणून तिच्यासाठी तरतूद करण्यापेक्षा पहिल्या पायरीवर इंजिन नीट निवडणे शहाणपणाचे ठरते. वाढीव वॉरंटी घेत असल्यास झीज आणि गळती वगळलेली आहे का, निदानासाठी भाग उघडून पुन्हा जोडण्याची मजुरी कोण देणार आणि एका दाव्याची कमाल मर्यादा किती, ही तीन कलमे सही करण्याआधी वाचावीत. एअर सस्पेन्शनचे फुगे कित्येक करारांत झिजेच्या यादीत टाकलेले असतात.

गाडी ताब्यात आल्यावर

मागच्या मालकाने नुकतेच केले असल्याचे सांगितले तरी इंजिन ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावेत आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का ते पाहावे. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल (एका अक्षावरच्या दोन चाकांना शक्ती वाटणारे भाग) यांचे तेल पुढच्या काही आठवड्यांत उरकावे, सनरूफच्या नळ्या साफ करून घ्याव्यात. कूलंटच्या टाकीवर थंड इंजिनाच्या पातळीची खूण करून ठेवावी आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला ती पाहावी. कूलंट एकदा भरल्यानंतर पातळी पुन्हा उतरली, तर नुसते भरत न राहता लांबच्या प्रवासाआधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती शोधणारी चाचणी, करून घ्यावी.